कलाकृतीचा काळ आणि ‘सुमारें’ हा शब्द

वस्तुसंग्रहालयांत चित्रासमोर उभा राहिलेला माणूस पुष्कळदां चित्राआधीं त्याच्या खालची चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर कलावंताचें नांव असतें, चित्राचा विषय असतो, तें कागदावर काढलें कीं कापडावर हें असतें आणि अखेरीस एक साल असतें. नांव अनोळखी असलें तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. साल मात्र हवेंच असतें. तें वाचलें कीं आपल्याला तें चित्र मनांत कोठें तरी ठेवतां येतें : तालिकोटच्या लढाईआधीं कीं नंतर, शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापूर्वीं कीं पेशवाई बुडाल्यावर. परंतु पुष्कळ चिठ्ठ्यांवर त्या सालाच्या आधीं ‘सुमारें’ हा तीन अक्षरांचा शब्द छापलेला असतो. तो कोणी वाचीत नाहीं. चित्राची माहिती दुसऱ्या पुस्तकांत उतरते, तेथून तिसऱ्या लेखांत जाते, आणि या प्रवासांत पहिल्यानें गळतो तो हाच शब्द. ‘सुमारें १५६५’ चें ‘१५६५’ होतें, आणि एका अभ्यासकाचा अंदाज पुढच्या पिढीला पुरावा म्हणून हातीं येतो. आजचें माझें भाषण या शब्दाविषयीं, म्हणजेच ज्या कलाकृतीचा काळ नक्की ठाऊक नाहीं तो प्रामाणिकपणें कसा नोंदावा याविषयीं आहे.

चित्राखालीं सही करून साल घालण्याची चाल आपल्याकडे फार उशिरां रूढ झाली. लेण्यांचे चित्रकार, मूर्ति घडविणारे पाथरवट, पोथ्या रंगविणारे कारागीर यांपैकीं बहुतेकांनीं आपलें नांवहि मागें ठेवलें नाहीं, मग तारीख कोठली! आधुनिक काळांतहि ही अडचण पुरती संपली नाहीं. यामिनी रॉय यांनीं आपल्या चित्रांवर साल क्वचितच घातलें. तेव्हां ‘काळ अनिश्चित’ हा अपवाद नसून तोच नियम आहे असें समजून चालणें बरें.

तथापि अनिश्चित म्हणजे अज्ञात नव्हे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नांवाची एक सचित्र फारसी पोथी आहे. अहमदनगरचा पहिला हुसेन निजामशहा याच्या स्तुतिपर हें काव्य आफताबी नांवाच्या कवीनें रचिलें. दख्खनी चित्रकलेचा जो अगदीं आरंभींचा ठेवा आज शिल्लक आहे त्यांत या पोथीची गणना होते. तिच्यांतील चित्रांवर साल नाहीं. पण काव्यांत तालिकोटच्या विजयाचें वर्णन आहे आणि ती लढाई जानेवारी १५६५ मध्यें झाली. अर्थात् पोथी त्याआधींची असूं शकत नाहीं. हुसेनशहा त्याच वर्षीं वारला. मुलगा मुर्तजा अल्पवयी असल्यामुळें राज्याचा कारभार राणी खुंजा हुमायूँ हिच्या हातीं आला. पोथींतील चित्रांत ही राणी राजाशेजारीं मानानें बसविलेली होती. ‘होती’ असें म्हणतों, कारण पुढें कोणीं तरी बहुतेक चित्रांतून तिची आकृति खरवडून किंवा रंग फांसून पुसून टाकली आहे. १५६९ मध्यें मुर्तजानें आपल्या आईला कैदेंत टाकलें. तिची सत्ता गेल्यावर तिला एवढ्या मानानें रंगविण्याचें धाडस दरबारच्या चितार्‍यानें केलें असतें असें संभवत नाहीं. उलट तिची चित्रें पुसण्याला तोच प्रसंग कारण झाला असावा. म्हणजे एकहि आंकडा लिहिलेला नसतां ही चित्रें १५६५ ते १५६९ या चारपांच वर्षांत आणून ठेवतां येतात. त्यांतला अलीकडचा कांठ हा अनुमानाचा आहे, पलीकडचा कांठ जवळजवळ पक्का आहे. चांगल्या नोंदींत हा भेद दिसावयास हवा.

कोणत्याहि कलाकृतीच्या काळाचा विचार असाच दोन कांठांनीं करावा लागतो : याच्या आधींची नव्हे, आणि याच्या नंतरची नव्हे. हे कांठ शोधण्याचीं साधनें नाना प्रकारचीं आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चितारी १७९१ मध्यें मुंबईस उतरला आणि १७९५ मध्यें इकडेच वारला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांच्या दरबारांतील माणसांचीं त्यानें काढलेलीं व्यक्तिचित्रें, साल नसलें तरी, या मुदतीबाहेर जाऊं शकत नाहींत. प्रशियन ब्लू हा निळा रंग अठराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं बर्लिनमध्यें प्रथम तयार झाला. एखाद्या चित्रांत तो सांपडला तर तें चित्र सतराव्या शतकांतील म्हणून कोणी कितीहि आग्रहानें सांगितलें तरी मानतां येणार नाहीं. मात्र तेथेंहि एक ‘परंतु’ आहेच. तो रंग मूळ हाताचा आहे कीं पुढें कोणीं केलेल्या डागडुजीचा, हें आधीं पाहावें लागतें. वेलबुट्टी, पागोट्याची ठेवण, अक्षरांचें वळण, कागदाचा पोत हींहि साक्ष देतात. पण हे साक्षीदार दहा-वीस वर्षांच्या फरकाविषयीं बोलत नाहींत, पन्नास-शंभर वर्षांविषयीं बोलतात. त्यांच्याकडून नेमकें साल वदवून घेणें हा त्यांच्यावर जुलूम आहे.

आतां हा जुलूम केला असतां काय होतें याचें उदाहरण आपल्या घराजवळच, अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. त्या लेण्यांतील एका भित्तिचित्रांत सिंहासनावर बसलेल्या राजासमोर टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन आलेले दिसतात. १८७९ मध्यें जेम्स फर्ग्युसन या विद्वानानें या प्रसंगाचा अर्थ असा लावला कीं, हा राजा बदामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी आणि हे परदेशी म्हणजे इराणच्या दुसऱ्या खुस्रूचे वकील. हिंदुस्थानच्या एका राजानें खुस्रूकडे वकील पाठविल्याचा उल्लेख तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथांत आहे, त्याचा आधार घेऊन ही घटना इ. स. ६२५ च्या सुमाराची ठरली. अनुमान मोठें चतुराईचें होतें, आणि मोहक तर होतेंच. चित्रांत इतिहास सांपडला, इतिहासाला चित्र सांपडलें! लगेच पुढची पायरी चढली गेली : चित्र सातव्या शतकांतलें, म्हणून लेणें सातव्या शतकांतलें; आणि हें लेणें सातव्या शतकांतलें, तर त्याच्याशीं साम्य असलेलीं दुसरीं लेणींहि त्याच्या आसपासचीं. एका टोपीवरून एका लेणीसमूहाचा कालक्रम लांबत गेला. कित्येक वर्षें शाळेच्या पुस्तकांतून हें चित्र ‘पुलकेशीच्या दरबारांतील इराणी वकील’ म्हणून छापलें जात होतें, आणि माझी खात्री आहे कीं ऐकणारांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींना तें अजून आठवत असेल.

पुढें अभ्यासकांनीं लेण्यांतील कोरीव लेखांकडे अधिक बारकाईनें पाहिलें. सोळाव्या लेण्यांतील लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. सतराव्या लेण्यांतील लेख हरिषेणाच्या काळांतील एका मांडलिकाचा आहे. हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) या अमेरिकन पंडितानें आपलें जवळजवळ सारें आयुष्य अजिंठ्याला वाहिलें, आणि दरवाजांच्या खांचा, अर्धवट सोडलेलीं शिल्पें, बदललेले बेत यांवरून असा सिद्धांत मांडला कीं, महायान काळांतील हें सारें काम इ. स. ४६२ ते ४८० इतक्या अल्प काळांत, मुख्यतः हरिषेणाच्या कारकीर्दींत झालें. पहिल्या लेण्यांतील ‘इराणी वकील’ आज बहुतेक अभ्यासक बौद्ध कथेंतील एका राजाच्या दरबारांतील पाहुणे मानतात. परदेशी व्यापारी पांचव्या शतकांतहि इकडे येत होतेच. अशा रीतीनें तेंच चित्र, तोच रंग, तीच भिंत, आणि काळ मात्र दीडशें वर्षांनीं मागें गेला.

यांत फर्ग्युसनला हंसण्याचें कारण नाहीं. त्यानें अनुमान केलें तें कारणासहित केलें आणि आपलें नांव घालून केलें. चूक झाली ती पुढच्या नोंदींत. तेथें साल उरलें आणि कारण गळालें. ‘इ. स. ६२५’ एवढेंच लिहिलेलें असलें म्हणजे वाचणाऱ्याला तें कोरीव लेखावरून आलें कीं एका टोपीवरून आलें हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. ‘सुमारें इ. स. ६२५, चित्रांतील प्रसंग खुस्रूच्या वकिलातीचा मानल्यास’ असें जर सर्वत्र लिहिलें गेलें असतें, तर ज्या दिवशीं तो प्रसंग वेगळा ठरला त्याच दिवशीं साल आपोआप सुटून पडलें असतें. स्पिंक यांच्या कालक्रमालाहि हाच न्याय लावला पाहिजे. त्यांनीं लेण्यालेण्याचें काम एकेका वर्षापर्यंत नेमून दिलें आहे. सर्वच अभ्यासकांना तितका नेमकेपणा मान्य नाहीं. म्हणून नोंद करणारानें ‘पांचव्या शतकाचा उत्तरार्ध’ असें लिहून, नेमकें वर्ष द्यावयाचें असल्यास ‘स्पिंक यांच्या मतें’ हे शब्द जोडावे. दोन शब्दांची शाई वांचवून कोणाचेंच भलें होत नाहीं.

जातां जातां एक गंमत सांगतों. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत ख्रिस्तपूर्व काळांतील चित्रें आहेत आणि त्यांवर कित्येक शतकांनंतरचीं दुसरीं चित्रेंहि आहेत. यांपैकीं कशावरहि तारीख नाहीं. पण त्याच लेण्याच्या एका खांबावर दिवस, महिना आणि साल यांसह एक स्वच्छ तारीख आहे : २८ एप्रिल १८१९. ती जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याची. शिकारीच्या नादांत तो तेथें पोंचला आणि एका चित्रावरच आपलें नांव कोरून गेला. कलाकृतीवर लिहिलेली तारीख ही कलाकृतीचीच असते असें नाहीं, हें शिकविण्यास याहून चांगला फळा मिळणार नाहीं.

लिहिलेली तारीख कलाकृतीचीच असली तरी ती वाचणें सोपें नसतें. आपल्या देशांत एका वेळीं अनेक कालगणना चालत आल्या. शालिवाहन शकाचें वर्ष चैत्रांत सुरू होतें. शके १६०० म्हणजे १६७८ च्या मार्चपासून १६७९ च्या मार्चपर्यंतचा काळ. महिना दिलेला नसेल तर शकांत ७८ मिळवावे कीं ७९, हें सांगतां येत नाहीं. मराठी कागदपत्रांतील सुहूर सन मृगाबरोबर बदलतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें तें सौर वर्षाहून दहाअकरा दिवसांनीं लहान आणि सर्व ऋतूंतून फिरणारें. विजापूरच्या अली आदिलशहाच्या काळांतील ‘नुजूम-उल-उलूम’ ही विख्यात सचित्र पोथी डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत आहे. तिच्यांत हिजरी ९७८ हें साल आहे. हें वर्ष जून १५७० मध्यें लागून मे १५७१ मध्यें संपतें, म्हणून तिची नोंद ‘१५७०–७१’ अशी करतात. येथें पोथी लिहिणारा कांहीं साशंक नव्हता. त्यानें आपलें साल स्पष्ट सांगितलें आहे. दोन सालांचा जोडआंकडा आपल्या पंचांगामुळें झाला. अशा ठिकाणीं मूळ सन जसाचा तसा आधीं लिहावा आणि त्याचें रूपांतर मागून द्यावें. रूपांतर चुकलें तर पुढच्याला तें दुरुस्त करतां येतें. मूळ सनच हरवला तर तो कोठून आणावयाचा?

सालें शब्दांत लपविण्याची जी आपली जुनी हौस आहे तिचाहि विचार येथें केला पाहिजे. बसोहली शैलींतील गीतगोविंदाची एक चित्रमाला प्रसिद्ध आहे. तिच्या समाप्तीच्या श्लोकांत काळ दिला आहे तो मुनि, वसु, गिरि आणि सोम या शब्दांनीं. मुनि सात, वसु आठ, गिरि म्हणजे कुलपर्वत सात आणि चंद्र एक. आंकडे उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असा संकेत असल्यामुळें विक्रम संवत् १७८७, म्हणजे इ. स. १७३० हें साल निघतें. संकेत न जाणणारा एखादा वाचक तेंच साल ७८७१ वाचील, आणि मग त्याला तें चित्र अजून काढावयाचें आहे असें म्हणावें लागेल! साठ संवत्सरांचा पेंच तर याहून नाजूक. एखाद्या वस्तूवर ‘विकारी नाम संवत्सरे’ एवढेंच असलें आणि शक पुसला गेला असला, तर तो शके १५८१ असेल, म्हणजे अफझलखानाच्या वधाचें १६५९ हें साल. किंवा साठ वर्षांनंतरचें १७१९. या दोहोंमधलें एकहि वर्ष शक्य नाहीं. तेव्हां तेथें ‘१६५९ किंवा १७१९’ असेंच लिहिलें पाहिजे. ‘१६५९ ते १७१९’ असें लिहिणारा नोंदणीकार, जें ठाऊक आहे तेंहि घालवून बसतो.

या ‘ते’ शब्दानें मोठे घोटाळे केले आहेत. ‘१५६५ ते १५६९’ म्हणजे काम चार वर्षें चाललें, कीं या चार वर्षांत केव्हां तरी झालें? वेरूळचें कैलास लेणें घ्या. त्याचें श्रेय सामान्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला देतात. त्याची कारकीर्द सुमारें इ. स. ७५६ ते ७७३ ची. इ. स. ८१२–१३ च्या बडोदें येथील ताम्रपटांत, कृष्णानें वेरूळास करविलेल्या अद्भुत देवालयाचा उल्लेख आहे, म्हणजे तोंपर्यंत तें उभें होतें. पण डोंगर वरून खालीं फोडून काढलेलें एवढें देवालय एका राजवटींत पुरें झालें असें सर्व अभ्यासक मानीत नाहींत. कांहींच्या मतें काम आधीं सुरू झालें आणि भोंवतालचे भाग पुढें अनेक वर्षें कोरले जात होते. येथें ‘ते’ म्हणजे खरोखरीच दीर्घकाळ चाललेलें काम. हुसेनशाहीच्या पोथीचें मात्र ‘१५६५ ते १५६९ च्या दरम्यान केव्हां तरी’. मराठींत हा भेद करण्यास ‘पासून–पर्यंत’ आणि ‘दरम्यान’ असे दोन सरळ प्रयोग उपलब्ध असतां एकाच आडव्या रेघेवर दोन्ही अर्थ लादणें हा निव्वळ आळस होय.

कधीं कधीं तर स्वतः कलावंतच आपल्याला फसवितो. रशियन चित्रकार मालेविच याचें ‘काळा चौरस’ हें चित्र १९१५ मधलें. तो स्वतः तें १९१३ मधलें म्हणून सांगत असे. आपण इतरांच्या आधीं तेथें पोंचलों होतों असें दाखविण्याचा मोह थोरांनाहि सुटत नाहीं. इटलीच्या दि किरिको यानें तर उतारवयांत आपल्याच तरुणपणच्या चित्रांसारखीं चित्रें काढून त्यांवर जुनीं सालें घातलीं. अशा वेळीं ‘चित्रावर साल अमुक, प्रत्यक्ष काळ बहुधा अमुक’ अशी दुहेरी नोंद करणें एवढाच मार्ग उरतो. चित्रावरचें खोटें साल गाळूं नये. तोहि चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे.

आपल्या घरांतील एका परिचित वस्तूकडे वळूं. अजूनहि पुष्कळ जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर राजा रविवर्मा यांची लक्ष्मी किंवा सरस्वती चौकटींत असते, आणि ‘आमच्याकडे रविवर्म्याचें शंभर-सव्वाशें वर्षांचें चित्र आहे’ असें अभिमानानें सांगितलें जातें. चित्राच्या कोपऱ्यांत सही असते, कधीं सालहि असतें. पण ती सही आणि तें साल मूळ तैलचित्राचें. भिंतीवर आहे तो त्याचा दगडावरून काढलेला रंगीत छाप. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईंत निघाला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेण्यांत आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींच तो श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. रविवर्मे १९०६ मध्यें वारले. त्यांच्या चित्रांचे छाप त्यानंतर कित्येक वर्षें निघत राहिले. म्हणजे या एका चौकटींत दोन काळ आहेत. छापाच्या खालच्या कडेला छापखान्याचें नांव आणि ठिकाण बारीक अक्षरांत असतें. कार्लें किंवा लोणावळें असें ठिकाण असेल तर छाप मुंबई सोडल्यानंतरचा, हें उघड आहे. चौकट बदलतांना ही कड कापून टाकण्याची जी पद्धति आहे ती बंद व्हावी. सुतार कडेबरोबर पुरावाहि कापीत असतो.

नकलांचेंहि असेंच आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या. त्यांतल्या पुष्कळ १८८५ मध्यें लंडनमध्यें आगींत सांपडल्या. त्यापूर्वीं रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या बहुतेक नकलाहि १८६६ मध्यें क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्याच होत्या. ज्या वांचल्या त्यांच्या नोंदींत मूळ चित्राचा काळ आणि नकलेचा काळ हे दोन्ही हवेत; कारण मूळ भिंतीवरचा रंग नंतर झडला असेल तर ती नकल हीच १८७५ किंवा १८८० सालच्या भिंतीची साक्ष ठरते. ओतीव पुतळ्यांना, छायाचित्रांना हाच न्याय लागू आहे : सांचा केव्हांचा आणि ओतकाम केव्हांचें, कांच केव्हांची आणि कागदावरचा छाप केव्हांचा.

संग्रहालयांच्या नोंदवह्या आतां संगणकांत गेल्या आहेत, आणि यंत्राला ‘सुमारें’ कळत नाहीं. त्याला आंकडा हवा. ‘सोळाव्या शतकाचा तिसरा चरण, बहुधा अहमदनगर’ हें माणसाला समजतें. यंत्र मात्र त्यापुढें गप्प बसतें. यावर लॉस एंजेलिस येथील गेटी संस्थेच्या नियमावलींत सुचविलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. कालाची नोंद तीन घरांत करावयाची. पहिल्या घरांत वाचकासाठीं, जें ठाऊक आहे तें साऱ्या शंकांसह शब्दांत लिहावयाचें. उरलेल्या दोन घरांत यंत्रासाठीं दोन आंकडे : लवकरांत लवकर कोणतें साल, आणि उशिरांत उशिरा कोणतें. हे दोन आंकडे प्रेक्षकाला दाखवावयाचे नसतात. शोधणाऱ्याला वस्तु सांपडावी एवढ्याचसाठीं ते असतात. म्हणून ते जरा सैल ठेवावे. कुंपण थोडें लांब पडलें तरी चालेल, वस्तु मात्र बाहेर राहतां कामा नये. ‘सुमारें’ म्हणजे मागेंपुढें किती, हेंहि येथेंच ठरवावें लागतें. शंभर-दीडशें वर्षांपूर्वींच्या चित्राला पांच-दहा वर्षांची सवलत पुरे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या मूर्तीला शंभर वर्षेंहि कमीच पडतील.

काळ लिहिण्याच्या चिन्हांनाहि आतां आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें पुढाकार घेऊन तयार केलेली पद्धति २०१९ मध्यें तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत समाविष्ट झाली. तिच्यांत सालापुढें प्रश्नचिन्ह असलें तर ‘संशयित’ आणि नागमोडी रेघ असली तर ‘अंदाजें’. दोन्ही असतील तर शेंकड्याचें चिन्ह. हा भेद क्षुल्लक नाहीं. ‘१७३०, पण पुरावा लंगडा आहे’ आणि ‘१७३० किंवा त्याच्या आसपास, पुरावा चांगला आहे’ या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पहिलींत साल संपूर्ण खोटें ठरूं शकतें. दुसरींत तें थोडें मागेंपुढें सरकतें इतकेंच.

या दोन्ही शंका एकाच वस्तूला कशा चिकटतात हें पाहावयाचें असेल तर अहमदनगर जिल्ह्यांतील दायमाबादकडे यावें. तो जिल्हा आतां अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. तेथें १९७४ मध्यें एका शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशीं खणतांना चार धातूच्या मूर्ति सांपडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ आणि हांकणारा, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. कामगिरी अप्रतिम आहे. पण उत्खननांत, थराथरानें खणतांना वस्तु सांपडली तर तिच्या थराचा काळ सांगतां येतो. या मूर्ति तशा सांपडल्या नाहींत. धातूला रेडिओ-कार्बनची परीक्षा लागूं पडत नाहीं, ती कोळसा, धान्य, हाड अशा एके काळीं सजीव असलेल्या पदार्थांना लागते. (त्या शास्त्रांत ‘वर्तमानापूर्वीं इतकीं वर्षें’ असें म्हणतात, आणि तें वर्तमान १९५० या सालीं कायमचें थांबविलेलें आहे. शास्त्रज्ञांना घड्याळ बंद करण्याची कला साधली आहे.) म. के. ढवळीकर यांनीं या मूर्ति उत्तर-हडप्पा काळाच्या, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपासच्या ठरविल्या. दायमाबादला त्या काळची वस्ती होतीच. डी. पी. अगरवाल यांनीं धातूचें पृथक्करण पाहून हरकत घेतली कीं, यांत सोमलाचें मूलद्रव्य शेंकडा एकाहून अधिक आहे, आणि त्या युगांतील इतर तांब्याच्या वस्तूंत अशी मिश्रधातु आढळत नाहीं. तेव्हां मूर्ति पुष्कळ अलीकडच्या, ऐतिहासिक काळांतल्याहि असूं शकतील. एकाच्या हातीं स्थळाचा पुरावा, दुसऱ्याच्या हातीं धातूचा. दोघांतील अंतर दहावीस वर्षांचें नसून शतकांचें आहे.

अशा मूर्तींखालीं ‘सुमारें ख्रिस्तपूर्व २०००’ एवढीच चिठ्ठी लावणें सोयीचें असतें, पण तेथें ‘सुमारें’ हा शब्द अपुरा आहे; कारण शंका सालाच्या मागेंपुढें सरकण्याची नसून युगाचीच आहे. माझ्या मतें तेथें असें लिहावें : ‘बहुधा उत्तर-हडप्पा काळ, सुमारें ख्रिस्तपूर्व २०००, स्थळावरून; धातूच्या घटनेवरून कांहीं अभ्यासकांस हा काळ अमान्य.’ चिठ्ठी दोन ओळींनीं वाढेल. कांचेच्या कपाटांत तेवढी जागा सहज आहे.